पायी प्रवासास पंचा कोणता घ्यावा?

ज्या वस्तूची किंमत अल्प, तिच्या निवडीचा विचारही मनुष्य अल्पच करतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. बैल घ्यावयाचा झाल्यास आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, त्यास चालवून पाहतो. बियाण्याची पिशवी घेताना तिच्यावरील अक्षर न् अक्षर वाचतो. परंतु अंग पुसण्याचे कापड घेताना मात्र दुकानदाराने जे पुढे टाकले तेच उचलून घरची वाट धरतो. घरी हे खपून जाते. घरी वाळत घालण्यास दोरी असते, अंगणात ऊन असते, आणि एक टॉवेल ओला राहिला तर दुसरा असतो. पायी प्रवासात ह्यांपैकी काहीच हाताशी नसते. तेथे जे कापड घेतले तेच रोज वापरावयाचे, ओले असले तरी तेच पाठीवर वाहावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्यानेच अंग पुसावयाचे. म्हणून ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूचा विचार थोडा सविस्तर करावा असे आम्ही योजिले आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण दरसाल आषाढीस पायी पंढरपुरास जातात. आळंदीपासून ही वाट सुमारे २५० किलोमीटरांची असून ती ऐन पावसाळ्याच्या तोंडी चालावी लागते. काही जण नर्मदेची परिक्रमा करून आलेले आहेत. शिवाय शेतकऱ्यांची मुले-मुली हल्ली सुट्टी मिळताच सॅक पाठीस लावून राजगड, हरिश्चंद्रगड चढू लागली आहेत, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखरही त्यांना परके राहिलेले नाही, ही आम्हांस आनंदाची गोष्ट वाटते. ह्या सर्वांसच टॉवेलाचा प्रश्न पडतो. हा प्रश्न शेतकीच्या मासिकात कशास, असे कोणी विचारील, तर त्यास आमचे उत्तर इतकेच की, ज्याने कापूस पेरला, वेचला आणि विकला त्यालाच कापडाची पारख नसावी, हे आपणांस भूषणावह नाही.

बाजारात आज ह्या कामासाठी मुख्यतः तीन प्रकारची कापडे मिळतात. पहिला जाड, फंदेदार विणीचा टर्किश टॉवेल. दुसरा कृत्रिम धाग्यांचा, मायक्रोफायबर ह्या नावाने विकला जाणारा टॉवेल. आणि तिसरा आपला जुना, साध्या विणीचा सुती पंचा. ह्या तिहींत निवड करताना बहुतेक लोक कापड हाताने चाचपून पाहतात आणि जे मऊ लागेल ते घेतात. आमच्या मते ही कसोटी प्रवासाच्या उपयोगाची नाही. दुकानात आपण कोरडे कापड तोलतो. प्रवासात वाहतो ते ओले कापड. तेव्हा टॉवेलाचे खरे वजन म्हणजे तो भिजवून पिळल्यानंतरचे वजन, आणि त्याचा खरा गुण म्हणजे ते पाणी किती लवकर सोडतो हा होय. ह्या एका तत्त्वावर तिन्ही कापडे घासून पाहू.

प्रथम टर्किश टॉवेल घेऊ. ह्याच्या विणीत ताण्याच्या धाग्यांचा एक संच सैल सोडून त्याचे फंदे वर उभे केलेले असतात. त्या फंद्यांमुळे पाणी शोषणारा पृष्ठभाग पुष्कळ वाढतो व अंगास स्पर्शही सुखकर होतो. आपल्या सोलापुरात ही विद्या उत्तम वाढली असून सोलापुरी टर्किश टॉवेलास भौगोलिक मानांकनाचा मान मिळालेला आहे. घरच्या न्हाणीघरास त्यासारखे दुसरे कापड नाही, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. परंतु थोडा हिशेब करावा. ७० सेंटिमीटर रुंद व १४० सेंटिमीटर लांब अशा टॉवेलाचे क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर होते. कापडाचा जाडेपणा दर चौरस मीटरास इतके ग्रॅम असा मोजतात व लेबलावर त्यास जी.एस.एम. म्हणतात. हा आकडा ४५० धरला तर टॉवेल कोरडा असताना ४४१ ग्रॅम भरतो. भिजवून हाताने पिळल्यावर कापडात त्याच्या वजनाइतके पाणी राहते असे धरले, तर तोच टॉवेल ८८२ ग्रॅमांचा होतो. पाऊण किलोहून अधिक ओझे केवळ अंग पुसण्याच्या कापडाचे! आणि फंद्यांच्या मुळाशी दडलेले पाणी पावसाळी हवेत रात्रभरातही बाहेर पडत नाही. सकाळी टॉवेल गार, ओला व कुबट वासाचा हातात येतो. हा दोष टॉवेलाचा नव्हे, त्यास भलत्या कामास जुंपणाऱ्याचा आहे. नांगराच्या बैलास कोणी शर्यतीस उभा करीत नाही.

आता मायक्रोफायबर. ह्याविषयी दुकानात अतिशयोक्ती फार चालते, म्हणून त्याची घडण समजून घेणे बरे. हा टॉवेल बहुधा पॉलिएस्टर व नायलॉन ह्यांच्या मिश्रणाचा असतो. धाग्याचा बारीकपणा डेनियर ह्या मापाने मोजतात. ९,००० मीटर लांब तंतूचे वजन जितके ग्रॅम तितके त्याचे डेनियर. एक डेनियरहून बारीक तंतूस मायक्रोफायबर म्हणतात. असले तंतू करण्याची कला जपानातील तोरे ह्या कंपनीचे शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो ह्यांनी सन १९७० मध्ये पुढे नेली. पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. प्रयोगशाळेतील नेहमीच्या हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरतो, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मायक्रोफायबर पाणी टिपतो तो तंतूंच्या मधल्या अतिसूक्ष्म फटींमुळे. पाणी तंतूत शिरत नसून फटींत अडकते, म्हणून पिळले असता ते बरेचसे निघून जाते आणि कापड लवकर वाळते. हा त्याचा खरा गुण आहे व तो नाकारण्यात अर्थ नाही. त्यास बुरशीही सहसा लागत नाही.

परंतु गुणांबरोबर दोषही पाहिले पाहिजेत. पहिला दोष मापाचा. हा टॉवेल हलका म्हणून विकला जातो खरा, पण पुष्कळदा तो लहान असतो म्हणून हलका भरतो. ६० × १२० सेंटिमीटरांचा, दर चौरस मीटरास २०० ग्रॅमांचा टॉवेल १४४ ग्रॅम भरेल. तोच ७५ × १५० सेंटिमीटरांचा केला तर २२५ ग्रॅमांवर जाईल. तेव्हा वजनांची तुलना सारख्या आकाराच्या कापडांतच करावी. दुसरा दोष वासाचा. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी सन २०१४ मध्ये व्यायाम केलेल्या माणसांचे सदरे तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या सदऱ्यांस अधिक वाईट वास येतो व दुर्गंध उत्पन्न करणारे विशिष्ट जंतू त्यांवर अधिक वाढतात, असे त्यांस आढळले. प्रयोग सदऱ्यांचा होता, टॉवेलांचा नव्हे. तथापि धागा तोच आणि घामही तोच. कित्येक टॉवेलांस चांदीच्या संयुगाची प्रक्रिया केलेली असते ती ह्याच कारणाने. तिसरा दोष चुलीचा. ठिणगी पडताच हे कापड वितळून त्यास भोक पडते, आणि त्याने तापलेले भांडे उतरविण्याचे साहस केल्यास वितळलेला धागा हातास चिकटतो. चौथा दोष रानाचा. गवताची कुसळे त्याच्या लवेत एकदा शिरली की सहजी निघत नाहीत.

ह्या दोहोंच्या मानाने आपला पंचा पाहावा. साधी वीण, जाडसर सूत, विरळ ताणा-बाणा. दर चौरस मीटरास १२० ग्रॅमांचा पंचा ७५ × १५० सेंटिमीटरांचा घेतला, तर तो कोरडा १३५ ग्रॅम भरतो व वरच्याच हिशेबाने ओला २७० ग्रॅम. म्हणजे टर्किश टॉवेलाच्या ओल्या वजनाहून सहाशे ग्रॅमांनी अधिक बचत. तितक्या वजनात अर्ध्या लिटराहून जास्त पिण्याचे पाणी वाहता येते. कापड पातळ असल्यामुळे त्यातील ओल दोन्ही अंगांनी हवेस उघडी पडते. कापसाचा तंतू ओला झाला असता अधिक बळकट होतो, म्हणून नदीकाठी दगडावर आपटले, पीळ घालून पिळले, तरी पंचा त्यास भीत नाही. उन्हात तोच भिजवून डोक्यास गुंडाळावा, थंडीत गळ्याभोवती घ्यावा, भाकरी बांधावी, हातास दुखापत झाली तर झोळी करून हात गळ्यात अडकवावा. इतकी कामे करणारे दुसरे कापड सॅकेत नसते.

हे शहाणपण केवळ आपलेच आहे असे नव्हे. बंगाल्यांचा गमछा, केरळीयांचा तोर्तु, तुर्कांच्या हमामखान्यातील पेश्तेमाल, जपान्यांचे तेनुगुई ही सर्व पातळ, साध्या विणीची सुती कापडे होत. ज्या ज्या मुलखात रोज स्नान आहे आणि हवा दमट आहे, तेथील लोकांनी स्वतंत्रपणे हाच निर्णय केलेला दिसतो. जपानी लोक तर तेनुगुईच्या कडा दुमडून शिवीतही नाहीत, कारण शिवलेली जाड कड सर्वांत शेवटी वाळते. आपल्या पंच्याच्या मोकळ्या दशांतही हाच लाभ आहे.

येथे कोणी चतुर वाचक म्हणेल की, कापूस पिकविणाऱ्यांचे मासिक कापसाची तरफदारी करणारच. ह्या आक्षेपाचे उत्तर आम्ही आकड्यांनीच देतो. एक क्विंटल कापसातून सरकी काढल्यावर सुमारे ३४ किलो रुई मिळते. सूतकताई व विणकाम ह्यांतील घट धरून एका पंच्यास १५० ग्रॅम रुई लागते असे मानले, तर एका क्विंटलात सव्वादोनशे पंचे होतील. पाच माणसांच्या कुटुंबाने प्रत्येकी एक पंचा घेतला, तर त्यास दोन-सव्वादोन किलो कापूस पुरतो. इतक्याने कापसाचा भाव चढावयाचा नाही, आणि तो चढेल असे सांगून वाचकांस फसविण्याची आमची इच्छा नाही. कापसाच्या पिकासही पाणी, खत व औषधे लागतात, तेव्हा तो सर्वथा निर्दोष आहे असेही आम्ही म्हणत नाही. पंचा घ्यावा तो ह्या कामास तो उत्तम आहे म्हणून. उपकार म्हणून नव्हे. उपकारबुद्धीने घेतलेली वस्तू मनुष्य एकदा वापरतो व मग कोनाड्यात टाकतो.

मात्र एक गोष्ट आमच्या जिव्हाळ्याची आहे. पंच्याच्या सुतास लांब तंतूची गरज नाही. देशी कापसाचा आखूड, जाड व चांगले पाणी शोषणारा तंतू, ज्याचा शस्त्रक्रियेच्या कापसासाठी उपयोग होतो, तो ह्या कामास अगदी योग्य आहे. सन २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाल्यानंतर अमेरिकन जातींच्या संकरित वाणांनी बहुतेक क्षेत्र व्यापले व देशी कापूस थोड्या शेतांपुरता उरला. ज्या हलक्या जमिनीत तो अजून तग धरून आहे, तेथील शेतकऱ्यास त्याच्या आखूड तंतूसाठी मानाचे गिऱ्हाईक हवे आहे. पंचा हे एकटे गिऱ्हाईक पुरेसे नाही. परंतु ते योग्य गिऱ्हाईक आहे.

दुसरी गोष्ट नदीची. कृत्रिम धाग्याचे कापड धुताना त्यातून सूक्ष्म तंतू सुटतात व पाण्यात जातात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने सन २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज दिला आहे की, मुळातच बारीक कणांच्या रूपाने समुद्रात पोहोचणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ३५ टक्के भाग असल्या कपड्यांच्या धुलाईतून येतो. वारीच्या वाटेवर नीरेच्या पात्रात माउलींच्या पादुकांस स्नान घालतात आणि वाटेच्या शेवटी लाखो लोक चंद्रभागेत उतरतात. त्याच नद्यांचे पाणी पुढे आपल्याच पाटांतून आपल्याच शेतांत येते. कापसाचे सुटलेले तंतू मातीत कुजून जातात. पॉलिएस्टरचे फार दीर्घकाळ कुजत नाहीत. ज्या पाण्यास आपण तीर्थ म्हणतो व ज्यावर आपला ऊस उभा आहे, त्यात आपण काय पिळतो, ह्याचा विचार शेतकऱ्याने तरी केला पाहिजे.

आता पारख कशी करावी ते सांगतो, कारण पंचा ह्या नावाखाली मिश्र धाग्याचे कापडही सर्रास विकले जाते. कडेचा एक धागा ओढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो व मागे मऊ राख राहते; पॉलिएस्टर आकसून वितळतो व त्याची कठीण गोळी बनते. कापड उजेडासमोर धरावे. वीण सारखी पण विरळ दिसली पाहिजे. बांबूचा टॉवेल म्हणून जे मऊ कापड मिळते ते बहुधा बांबूच्या लगद्यापासून केलेले व्हिस्कोस असते. त्याचा तंतू ओला असता दुर्बळ होतो, म्हणून रोजच्या पिळण्यास ते टिकाऊ नव्हे.

कोरा पंचा घेऊन तसाच प्रवासास निघणे ही मोठी चूक होय. कोऱ्या कापडात खळ असते, आणि कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा पातळ थरही असतो. त्यामुळे पाणी शोषले न जाता वरून ओघळते. पंचा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळावा, दोन-तीन वेळा धुवावा व उन्हात वाळवावा. रंगीत असल्यास रंग सुटतो की नाही ते ह्याच वेळी कळेल. मग त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो क्षणार्धात पसरून जिरला तर पंचा तयार झाला असे समजावे. कपडे मऊ करणारी द्रव्ये वापरू नयेत. ती तंतूवर लेप देऊन शोषणशक्ती कमी करतात.

ज्यांस आमच्या बोलण्यावर विश्वास ठेवावयाचा नसेल, त्यांनी घरीच प्रयोग करावा. आम्हांस तेच अधिक आवडेल. तिन्ही प्रकारची कापडे स्वयंपाकघरातील काट्यावर कोरडी तोलावी, भिजवून एकाच माणसाकडून पिळून घेऊन पुन्हा तोलावी, एकाच दोरीवर सावलीत टांगावी व दर तासाने वजन लिहून ठेवावे. हा प्रयोग चैत्रात न करता आषाढात करावा, कारण परीक्षा दमट हवेतच होते.

वापरण्याचीही रीत आहे. स्नानानंतर प्रथम अंगावरील पाणी तळहातांनी निथळून टाकावे. निम्मे काम तेथेच होते. मग पुसावे, पिळावे व पुन्हा पुसावे, कारण पिळलेला ओलसर पंचाही पाणी टिपतो. पंचा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. सॅकेच्या पाठीवर पसरून बांधावा, म्हणजे चालता चालता वारा त्यास वाळवितो. ज्या भगिनींचे केस लांब आहेत त्यांनी दोन पंचे घ्यावे, एक केसांस व एक अंगास. दोन्ही मिळून कोरडे २७० ग्रॅमच होतात, म्हणजे एका टर्किश टॉवेलाहून कमीच. तसेच, भांडी पुसण्यास व पाणी गाळण्यास वेगळा तुकडा ठेवावा. अंगाचा पंचा त्या कामास लावू नये. गाळलेले पाणी उकळण्याची गरज गाळण्याने सरत नाही, हेही लक्षात असावे.

आमच्या मतास अपवाद नाहीत असे नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर आठ-आठ दिवस धुके व पाऊस हटत नाही, तेव्हा कोणताही सुती कपडा पुरता वाळत नाही. हिमालयात बर्फाच्या सीमेवर जावयाचे असेल, तेथेही ओल्या सुताचा गारठा जाचतो. अशा ठिकाणी लहानसा मायक्रोफायबरचा तुकडा जवळ ठेवणे शहाणपणाचे आहे, आणि आमच्या मुलांनी तो ठेवला तर त्यांस आम्ही दोष देणार नाही. हट्टापेक्षा कोरडे अंग बरे. परंतु वारी, परिक्रमा व दोन-चार दिवसांची गडांची भटकंती, म्हणजे आपल्या लोकांचा बहुतेक सर्व पायी प्रवास, ह्यांस पंच्याहून सरस साधन आम्हांस दिसत नाही.

शेवटी एक सूचना. वारीच्या वाटेवर व गडांच्या पायथ्याशी असलेल्या गावांतील सहकारी संस्थांनी जवळपासच्या विणकरांकडून असे पंचे विणून घ्यावे; ते धुऊन, खळ काढून, वापरण्यास तयार करूनच विकावे; आणि प्रत्येकावर लांबी, रुंदी, वजन व धागा ही चार अक्षरे प्रामाणिकपणे छापावी. गिऱ्हाइकास वजन कळले म्हणजे तो तोलू लागेल, आणि तोलू लागला म्हणजे त्यास कोणी सहसा फसवू शकणार नाही. आपला माल बाजारात नेताना काट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या शेतकऱ्याने घेतानाही तोच डोळा ठेवावा, इतकेच आमचे सांगणे आहे.